ताल कोणाच्या हाती?

(ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या पत्रकात माझ्या विषयापुढे 'संगीत तंत्रज्ञान' असं भारदस्त नाव छापलंय. ते वाचून चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, की हे सत्र पोरांसाठी आहे का? नाही. आपली गाणी म्हणताना ताल कोण धरतं, आणि तो आपल्या हातात घ्यायचा असेल तर फोनवर किंवा संगणकावर जे ड्रम पॅड मिळतं ते आपल्या मापाचं कसं करून घ्यायचं, एवढंच मला सांगायचंय. शिवणयंत्र दुकानातून आणलं की टाका लहान-मोठा करून घ्यावाच लागतो ना? दुकानदाराने लावून दिलेल्या टाक्यावर कोणी ब्लाऊज शिवत नाही. तसंच हे.

आधी ताल कोण धरतं ते बघू. गाणं हे आपल्या चळवळीचं जुनं हत्यार. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं आणि मग गावोगाव, वस्त्यावस्त्यांत आपण गाऊन बोलायला लागलो. पण जरा आपापले गट डोळ्यांसमोर आणा. गाणाऱ्या पंधरा-वीस बायका आणि ढोलकीवर कोण? कोणाचा तरी भाऊ, कोणाचा नवरा, नाहीतर शेजारच्या भजनी मंडळातला एखादा मुलगा. तो भला असतो, मदतीला येतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण गाणं कधी सुरू करायचं, कुठे थांबायचं, किती चढवायचं हे तालावर ठरतं. म्हणजे शब्द आपले आणि लगाम त्याचा.

ही विभागणी काल-परवाची नाही. तमाशात पायात चाळ बाईच्या आणि गळ्यात ढोलकी पुरुषाच्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारखी बाई स्वतःचा फड चालवते, फडातल्या सगळ्यांचं पोट बघते, पण तिच्या मागे उभा राहून ढोलकी वाजवणारा पुरुषच असतो. शास्त्रीय संगीतात आबान मिस्त्रींनी तबल्याचे एकल कार्यक्रम केले, पुढे अनुराधा पाल आल्या. तरी आजही तबल्याच्या क्लासमधल्या मुली मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आमच्या वस्तीत मुलीला गाण्याच्या क्लासला घालतात, ढोलकी शिकायची म्हटलं की 'मुलीच्या जातीला शोभतं का' हे ठरलेलं वाक्य. त्यात पाळीच्या दिवसांत वाद्याला शिवायचं नाही, हे आहेच.

आणि मैत्रिणींनो, यात जातही आहे. ती बाजूला ठेवून बोललो तर आपण अर्धंच बोललो. हलगी, डफ, संबळ ही कातड्याची वाद्यं कोणी वाजवायची हे गावाने ठरवलेलं होतं. ते वाजवणं कला म्हणून कोणी मानलं नाही. मान कमी आणि सक्ती जास्त. आंबेडकरी चळवळीने गावकीची कामं सोडायला सांगितली त्यात वाजवणंही आलं. मग त्याच समाजाने नव्या शब्दांची, नव्या मानाची गाणी उभी केली. आपलं कल्याण त्याचं मोठं केंद्र. प्रल्हाद शिंदे इथे राहिले, त्यांच्या घरात आज पिढ्यान् पिढ्या गाणं आहे. भीमजयंतीला कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या गल्ल्यांत जे वाजतं ते ऐकत आपल्यापैकी कित्येकजणी वाढल्या. तिथेही स्टेजवर गायिका असतात, आणि वाजवणाऱ्यांच्या रांगेत बाई शोधावी लागते.

मग बायकांना ताल नव्हता का? होता की. जात्याच्या घरघरीवर ओवी, मुसळाचा ठोका, मंगळागौरीला पिंगा, झिम्मा, सूप, लाटणं. सगळा तालच. पण त्याला कोणी वाद्य म्हटलं नाही, कारण वाजवणारी काम करत होती. हे ओळखलं ते महागाईविरोधी आंदोलनाने. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. थाळीवर लाटणं हाणायला कोणाची परवानगी लागली नाही, क्लास लागला नाही, आणि मंत्रालयापर्यंत ऐकू गेलं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बायकांचा सर्वांत मोठा वाद्यवृंद तोच.

आता थोडं आमच्या गटाचं. कौटुंबिक हिंसेविरोधी पंधरवडा होता, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर. वस्तीत संध्याकाळी कार्यक्रम ठेवलेला. लग्नसराई सुरू, ढोलकीवाल्याला हळदीची सुपारी मिळाली. आपल्याकडे आगरी-कोळी गावांत हळद म्हणजे बेंजो, डीजे, मोठा खर्च. तो तरी काय करणार? त्याला पैसे मिळत होते, आम्ही वडापाव देणार होतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी फोन आला, येत नाही. मग आम्ही गाणी गाळली आणि भाषणं केली. बायका दहा मिनिटांत पांगल्या. ज्या घरात मार खाणारी बाई राहते हे आम्हाला ठाऊक होतं आणि जिच्यासाठी ती जागा मुद्दाम निवडली होती, ती दारात आली होती, गाणी नाहीत म्हटल्यावर आत गेली. गाण्याला उभं राहायला तिला घरात कारण सांगता आलं असतं. भाषणाला नाही.

(याच हळदीबद्दल एक जाता जाता. आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यात आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाणारी धवलारीण असायची. ती गाऊन लग्नाचे विधी लावायची, भटजीच्या तोडीचा मान तिला. स्पीकरच्या भिंतीपुढे तिचा आवाज गेला. यंत्र आलं म्हणजे बाईचं भलंच झालं असं नाही, हे मी यंत्राचं कौतुक करण्याआधीच सांगून ठेवते.)

त्यानंतर आम्ही पॅडकडे वळलो. पॅड म्हणजे काय? तुम्ही ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड पाहिलं असेल, काठ्यांनी वाजवायचे आठ चौकोन. रोलँड या जपानी कंपनीने ते १९८५ साली काढलं. बोटांनी वाजवायचे सोळा चौकोन, चार ओळी चार रकाने, हे अकाई कंपनीच्या १९८८ च्या एमपीसी यंत्राने रूढ केलं. रॉजर लिन नावाच्या अमेरिकन माणसाने ते घडवायला मदत केली होती. आज तेच सोळा चौकोन फोनच्या काचेवर येतात. संगणकावर एबलटन लाइव्हमध्ये त्याला ड्रम रॅक म्हणतात, एफएल स्टुडिओत एफपीसी. नाव काहीही असो, आत एकच गोष्ट असते. चौकोनाला एक क्रमांक असतो, त्या क्रमांकाला एक आवाज बांधलेला असतो. बोट पडलं की क्रमांक जातो, आवाज येतो.

हे क्रमांक कोणी ठरवले? १९८३ साली यंत्रांनी एकमेकांशी बोलायची मिडी नावाची पद्धत आली, १९९१ साली कोणत्या क्रमांकाला कोणता आवाज याची जागतिक यादी झाली. त्या यादीत तालवाद्यांचे ४७ आवाज आहेत. ३६ म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ मिटलेली हाय-हॅट झांज, ४६ उघडी. बोंगो आहे, कोंगा आहे, शिट्टीसुद्धा दोन प्रकारची आहे. तबला नाही. ढोलकी नाही. हलगी, संबळ तर दूरच. गंमत म्हणजे सूरवाद्यांच्या यादीत सतार आणि सनई आहेत. म्हणजे आपला देश त्यांना माहीत होता, पण बैठकीतला. अंगणातला नव्हता. म्हणून पॅड उघडल्याबरोबर जे वाजतं ते आपलं वाटत नाही, आणि बायका म्हणतात, 'आपल्याला नाही जमायचं.' जमत नाही असं नाही हो. ते आपल्यासाठी लावलेलं नाही.

तर पहिलं काम: आवाज बदला. पॅडवर बोट दाबून धरलं किंवा सेटिंग उघडलं की आवाज बदलायची सोय असते, बहुतेक अ‍ॅपमध्ये स्वतः रेकॉर्ड केलेला आवाजही घालता येतो. आम्ही काय घातलं? थाळीवर लाटणं, दोन जागी मारून: काठावर खणखणीत, मध्ये बद्द. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिंपावर तळहात, हा आमचा मोठा ड्रम. सूप. टाळी, एकीची नव्हे, आठ जणींची. जुन्या ढोलकीचे पाच बोल. रेकॉर्ड करताना पंखा बंद, खिडकी बंद, आणि गाडी जाईपर्यंत थांबायचं, रुळांच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर वेळापत्रक बघूनच. आवाजाच्या आधीची शांतता कापून टाका. ती राहिली तर बोट आज आणि आवाज उद्या असं होतं.

उशिराचा दुसरा प्रकार यंत्राच्या आत असतो. सेटिंगमध्ये 'बफर' नावाचा आकडा दिसेल. आवाज सेकंदाला ४४,१०० तुकड्यांत मोजला जातो. बफर १०२४ असेल तर साधारण २३ मिलिसेकंद थांबावं लागतं, २५६ केलं तर सहाच्या आत. आकडा कमी करत जा, आवाज तुटायला लागला की एक पायरी वर या. आणि ब्लूटूथचे इयरफोन, स्पीकर वापरू नका. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, तेवढ्यात गाणं पुढे निघून जातं. साधी वायर लावा. आमच्या एका ताईला आठ दिवस वाटत होतं की तिला तालच नाही. दोष ब्लूटूथचा होता. किती बायका अशा 'मला ताल नाही' म्हणत घरी परतल्या असतील!

मग जोर. यंत्रात प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात. रबराच्या पॅडला बोटाचा जोर कळतो आणि किती जोराला किती आवाज याचा एक आलेख सेटिंगमध्ये असतो. तो कारखान्यातून येतो तो जोरात ठोकणाऱ्याला सोयीचा. आमच्यात पॅकिंगच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करून बोटांचे सांधे सुजलेल्या दोघी आहेत. आलेख 'सॉफ्ट'वर आणला, हलक्या बोटाला पुरा आवाज आला. उलट एक जण इतकी हाणायची की शेजारचं पॅडही वाजायचं. तिथे किमान जोराची मर्यादा वाढवली. फोनच्या काचेला मात्र जोर कळत नाही. काही अ‍ॅप बोट चौकोनात कुठे पडलं यावरून आवाज लहान-मोठा करतात, काही सरसकट एकाच जोराने वाजतात. अशा वेळी तोच आवाज दोन चौकोनांत घाला, एक मोठा, एक हळू. आणि सोळाऐवजी आठच चौकोन ठेवले तर ते मोठे होतात. चष्मा विसरला तरी चालतं.

आता मला आवडणारी गोष्ट, चोक ग्रुप. झांज मिटली की उघड्या झांजेचा नाद थांबला पाहिजे, म्हणून हे दोन आवाज एका गटात टाकतात, एक आला की दुसरा तुटतो. ढोलकीत डाव्या हाताचा घुमणारा 'गे' आणि बंद 'क' एका गटात टाका. 'क' पडला की घुमारा थांबेल, खऱ्या हातासारखा. उजव्या हाताच्या शाईवरचा 'ना' त्या गटात टाकू नका, तो चालू राहायला हवा. हे केलं नाही तर सगळे नाद एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. घोषणा पॅडवर घालायच्या असतील तर आणखी एक बघा: 'वन-शॉट' असेल तर बोट उचललं तरी घोषणा पूर्ण होते, 'होल्ड' असेल तर बोट उचलताच तुटते. आम्ही सगळ्या घोषणा वन-शॉटवर ठेवल्या. अर्धवट तुटलेल्या घोषणा आपण पुष्कळ ऐकल्यात.

मात्रा. यंत्र उघडलं की चार-चारचं मोजमाप आणि मिनिटाला १२० ठोके, बहुतेक ठिकाणी हेच असतं. आपली निम्मी गाणी सहाच्या अंगाने जातात. ६/८ लावा, वेग ऐंशी-नव्वदवर आणा, मग झिम्म्याचा झोका मिळतो. 'क्वान्टाइझ' नावाची सोय चुकलेला ठोका ओढून चौकटीत बसवते. शिकताना बरी, पण शंभर टक्के लावली की वस्तीतलं गाणं बँकेच्या जाहिरातीसारखं ऐकू येतं. निम्म्यावर ठेवा. ओवीला तर लावूच नका. ओवी जात्याच्या फेऱ्याने चालते, दळण जड झालं की लांबते.

सगळ्यांत जास्त वाद झाला तो पट्टीवरून. बाजारात विकत मिळणारे ट्रॅक, मंगळागौरीचे सोडले, तर पुष्कळसे पुरुषांच्या पट्टीत असतात. काळी एक, काळी दोन. ढोलकीची शाई त्याच सुरात चढवलेली. बाईचा आवाज काळी चार, काळी पाचला मोकळा होतो. मग ती एकतर खाली गुणगुणते नाहीतर वर किंचाळते, आणि लोक म्हणतात बायकांच्या आवाजात दम नाही. पॅडवरच्या प्रत्येक आवाजाचा सूर अर्ध्या अर्ध्या स्वराने वर-खाली करता येतो. काळी एकची काळी चार करायला सात पायऱ्या वर किंवा पाच खाली. पण एवढं ताणलं की ढोलकी डबड्यासारखी वाजते. एक-दोन पायऱ्यांपुरतं ठीक. त्यापुढे आपल्या पट्टीत लावलेली ढोलकी पुन्हा रेकॉर्ड करावी. आमच्या जुन्या ढोलकीवाल्यानेच ती काळी चारला चढवून दिली. हसत होता, पण दिली.

काही मैत्रिणींचा आक्षेप आहे की हे खोटं वाजवणं आहे, खरी ढोलकी शिका ना. शिकाच. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली आणि ती पद्धत ठाण्यापर्यंत, पुढे कुठे कुठे गेली; आज फडके रोडवर ढोल कमरेला बांधून मुली वाजवतात तेव्हा मला आनंद होतो. रवांडात बायकांनी ढोल वाजवणं निषिद्ध होतं, तिथे २००४ साली बायकांचं ढोलपथक उभं राहिलं, त्यात वंशसंहारात माणसं गमावलेल्या दोन्ही बाजूंच्या बायका होत्या. खऱ्या ढोलाची ताकद मी नाकारत नाही. पण ढोलाला जागा लागते, सरावाला संध्याकाळ लागते. दहा बाय बाराच्या खोलीत, सासू झोपलेली, मुलाचा अभ्यास, पलीकडची भिंत शेजाऱ्याची. तिथे इयरफोन लावून रात्री अकराला सराव करता येतो, हे मला छोटं वाटत नाही. ऑफिसातून परतताना लोकलमध्ये पुरुषांच्या डब्यात पत्र्यावर ताल धरून भजनं चालतात, आपल्या डब्यात भाजी निवडली जाते. आमच्या दोघी आता कल्याण येईपर्यंत फोनवर बोटं चालवतात. भाजी घरी गेल्यावर निवडतात, हाही भाग आहेच.

कार्यक्रमाला स्पीकर लावाल तेव्हा ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लक्षात ठेवा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. आपल्या ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर २०१६ साली उच्च न्यायालयाने निकाल दिलाय. पोलीस दुसऱ्यांच्या भिंतींकडे काणाडोळा करतील, आपल्या एका स्पीकरकडे नाही करणार.

फोन. हा सगळा खेळ फोनवर, आणि फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींकडेच स्वतः वापरता येईल असा फोन होता. आमच्या गटातही तिघींचा फोन 'घरातला' आहे. त्यांनी लावलेलं किट मुलाने जागा हवी म्हणून पुसलं, दोनदा. म्हणून आता गटाचा एक जुना फोन आहे, वर्गणीतून घेतलेला, त्यात सिम नाही. वाजवताना मध्येच 'स्वयंपाकाचं काय' असा फोन येत नाही, हा त्याचा जादा फायदा. ज्या स्वतःचा वापरतात त्यांनी विमानाचं चिन्ह दाबायचं.

शेवटी नावांचं. बाजारात आवाजांचे गठ्ठे मिळतात, त्यावर 'एथनिक' किंवा 'इंडियन पर्कशन' असं लिहिलेलं. आत एखादी हलगी असते. कोणाची, कोणत्या गावची, त्याला किती पैसे मिळाले, काही नाही. आपण असं करायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. आपल्या पॅडवर प्रत्येक चौकोनाला नाव देता येतं. आमच्या चौकोनांवर 'थाळी' नाही, थाळी वाजवणारीचं नाव आहे. एका आजीने जातं फिरवून दिलं, पण ओवी रेकॉर्ड करू दिली नाही. ती तिच्या मेलेल्या मुलीची होती. म्हणून आमच्याकडे फक्त जात्याची घरघर आहे. आणि कार्यक्रमाचे पैसे मिळाले तर पॅड वाजवणारीचा वाटा ढोलकीवाल्याला दिला असता तेवढाच, हा ठराव आम्ही वहीत लिहून सह्या केल्यात. 'बाई आपलीच आहे' म्हणून तिला वडापाव नको.

आता चार-चार जणींचे गट करू. थाळ्या, लाटणी आणलीत ना? दोन फोन मी आणलेत, वायरचे इयरफोन पिशवीत आहेत, चार्जिंगचा पॉइंट त्या खांबापाशी. पंखे बंद करायला लागतील, उकडेल थोडं. ज्यांना पाच-सत्तावीसची लोकल गाठायचीय त्यांनी आधी रेकॉर्ड करून घ्या.